समुद्र लांब, पाणी जवळ: गोड्या पाण्यात स्कूबाच्या जागा कशा शोधता?

कोरडाठाक

नमस्कार मंडळी,

ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या कोर्सचं, कार्ड खिशात आहे, रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडाशी आणणारा) आणि बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) कपाटात आहेत आणि समुद्र इतका लांब आहे की रजा, तिकिटं आणि हवामान तिन्ही जुळल्याशिवाय जाणं होत नाही. मधल्या काळात हाताची सवय मोडते. मास्कमधलं पाणी काढणं, खाली-वर न होता एका पातळीवर तरंगत राहणं, सराव नसला की सगळं पहिल्यापासून.

उपग्रहाच्या नकाशावर आजूबाजूला निळे ठिपके भरपूर दिसतात. तलाव आहेत, धरणाचा जलाशय आहे, पाणी भरलेल्या जुन्या खाणी आहेत, एक नदीही आहे. यातलं डायव्हिंगच्या लायकीचं कोणतं, हे ओळखायचं कसं? जे समुद्रापासून दूर राहतात ते जागा कशा शोधतात? आणि गोड्या पाण्यात वजनं, थंडी, दृश्यमानता यांत नेमका काय फरक पडतो?

"पोहण्याच्या तलावात सराव करा" हा सल्ला मिळून झालाय. चार मीटर खोली आणि तळाला फरशा. जीव रमत नाही.

---

तळ्यातमळ्यात

नकाशा नंतर उघडा. आधी तुमच्यासारख्याच समुद्रापासून लांब असलेल्या, पण डायव्हिंग शिकवणाऱ्या शाळा शोधा. पाडी या डायव्हिंगची कार्डं देणाऱ्या संस्थेच्या ओपन वॉटर कोर्सला चार डाइव्ह खुल्या पाण्यात कराव्याच लागतात, तरणतलावातल्या धरत नाहीत. म्हणजे जिच्याजवळ समुद्र नाही ती शाळा विद्यार्थ्यांना कुठेतरी नेतच असणार. फोन करून एवढंच विचारा, "तुमच्या त्या चार डाइव्ह कुठे होतात?" किनाऱ्यावर नेतो म्हणाले तर पुढची शाळा.

अशा जागेचा फायदा हा की परवानगीचं घोडं आधीच गंगेत न्हालेलं असतं. उतरायची वाट, गाडी लावायची जागा, पाण्यात बांधलेले सरावाचे चौथरे, सिलिंडर भरायची सोय, बहुतेक गोष्टी तयार.

शाळा नसेल तर अग्निशमन दलाचे किंवा पोलिसांचे पाणबुडे गाठा. आसपासच्या प्रत्येक जलाशयाचा तळ त्यांनी हाताने चाचपलेला असतो. कुठे जा हे ते सांगतील न सांगतील, पण कुठे जाऊ नका हे नक्की सांगतील, आणि तेच जास्त कामाचं.

---

शंकेखोर

मला एक कळत नाही. गोड्या पाण्यात बघायचं काय? चिखल, टायर आणि कुणाची तरी चप्पल. त्यापेक्षा पैसे साठवा आणि वर्षातून एकदा प्रवाळ बघून या.

---

निर्झरा

शंकेखोर, टायर असतातच, नाही म्हणत नाही. पण "बघायचं काय" याचं उत्तर द्यायलाच हवं.

लाकडी जहाजांचे अवशेष बघायचे तर समुद्रापेक्षा उत्तर अमेरिकेची महासरोवरं सरस. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा शिपवर्म असतो, गोड्या पाण्यात तो नाही. वर पाणी थंड. त्यामुळे कॅनडात टोबरमोरीला १८८५ साली बुडालेलं 'स्वीपस्टेक्स' हे शिडाचं जहाज अजून सांगाड्यासकट उभं आहे, तेही सहा-एक मीटरवर. समुद्रात त्या वयाच्या लाकडाचा बहुधा भुगा झाला असता.

मासे हवेत तर आफ्रिकेतलं मलावी सरोवर. तिथले सिक्लिड शेकडो जातींचे, बहुतेक जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. बऱ्याच जातींची मादी पिल्लं तोंडात सांभाळते. (तिथे बिलहार्झिया या परजीवी जंतांच्या रोगाचा धोका आहे. गोगलगाईंतून पसरतो, उथळ गवताळ काठावर जास्त. जाण्याआधी डॉक्टरांशी बोला.)

आणि नुसतं पाणी बघायचं तर आइसलँडमधली सिल्फ्रा. हिमनदीचं पाणी लाव्हाच्या खडकांतून वर्षानुवर्षं झिरपत त्या भेगेत येतं. दृश्यमानता शंभर मीटरच्या घरात, तापमान २ ते ४ अंश. ड्रायसूटशिवाय (अंग कोरडं ठेवणारा पोशाख) डायव्हिंग करू देत नाहीत.

आता ही सगळी ठिकाणं कोरडाठाक यांच्या घराजवळ नाहीत हे मान्य. पण गोडं पाणी म्हणजे दुय्यम, हा समज आधी डोक्यातून काढा.

---

शंकेखोर

बरं, जहाज आणि सिक्लिड मान्य. चपलेवर मी ठाम आहे.

---

दगडखाण

जरा लांबलचक लिहितो, कारण आयडीला जागायला हवं.

निळ्या ठिपक्यांत माझा पहिला क्रम नेहमी दगडाच्या खाणीचा. नदीवरच्या जलाशयात प्रत्येक पावसाबरोबर गाळ येतो. खाणीला बहुधा नदी मिळालेली नसते. खोदकाम भूजलाच्या पातळीखाली गेलेलं असतं, पंप चालू असेपर्यंत कोरडं राहतं आणि पंप बंद झाले की खालून, बाजूने झिरपून भरतं. दगडातून गाळून आलेलं पाणी, वरून माती वाहून आणणारा प्रवाह नाही, भिंती कठीण. म्हणून स्वच्छ. शिवाय खडी चढण-उतरण असल्याने थोड्याशा जागेत खोली मिळते.

इंग्लंडमध्ये लेस्टरशरची स्टोनी कोव्ह ही ग्रॅनाइटची खाण याचं प्रसिद्ध उदाहरण. खोदताना ठेवलेले टप्पे आता पाण्याखालच्या पायऱ्या झालेत: नवशिक्यांना सहा-सात मीटरचा कट्टा, त्याखाली विशीतला, आणि तळ ३५ मीटरच्या आसपास. मुद्दाम बुडवलेली 'स्टेनगार्थ' नावाची टग बोटही आहे. जर्मनीत हेमोरला सिमेंटसाठी चुनखडी खणलेला खड्डा आहे, तो साठ मीटरच्या घरात जातो. अमेरिकेत मिझुरीमधली बॉन टेअर ही शिशाची भूमिगत खाण १९६२ मध्ये बंद पडली, आता तिच्या दालनांत दिवे लावून डाइव्ह करवतात. तिथे डोक्यावर छत आहे, त्यामुळे वाटाड्याशिवाय सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

हे झालं चालवल्या जाणाऱ्या खाणींचं. बेवारस खाण ही वेगळी जात. नकाशावर सापडली म्हणून तडक सिलिंडर घेऊन जायचं नाही. आधी काठावरून फिरून बघायच्या गोष्टी:

कडा. सुटे दगड आहेत का, वरून कोसळायच्या बेतात आहेत का. खाली पाण्यातून डोकं वर काढताना दगड आला तर हेल्मेटही पुरत नाही.

पाण्यातलं भंगार. तारांचे वेढे, लोखंडी सळ्या, क्रेनचे तुकडे, माल वाहणाऱ्या पट्ट्याचे सांगाडे. दिसत असेल तर सुंदर, दिसत नसेल तर सापळा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाहेर यायची वाट. उतरणं सोपं असतं. चाळीस मिनिटांनंतर, थंडीने बोटं आखडलेली असताना, पाठीवर वीस-पंचवीस किलो घेऊन शेवाळलेल्या दगडावर चढणं ही खरी परीक्षा. सोबतीला खेचून बाहेर काढावं लागलं तर कुठून काढाल, हे ठरल्याशिवाय पाण्याला पाय लावू नका. स्ट्रेचर येऊ शकत नसेल तर माझ्या लेखी ती डायव्हिंगची जागाच नाही, पाणी कितीही निळं असो.

एक विशेष: फार गडद निळं-हिरवं, अजिबात शेवाळ नसलेलं, मासे नसलेलं पाणी दिसलं तर हुरळून जाऊ नका. काही धातूंच्या खाणींतलं पाणी आम्ल असतं आणि काही चुनखडीच्या खाणींतलं प्रचंड अल्कली. जीव नसलेलं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसू शकतं. तपासणी करून घ्या.

मालक शोधा, लेखी परवानगी घ्या. हे शेवटी लिहिलं असलं तरी सुरुवात इथूनच.

---

कोरडाठाक

दगडखाण, दंडवत. एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं.

मग धरणाचा जलाशय? सगळ्यात जवळ तोच आहे. भिंतीपाशी खोली चांगली मिळेल असं वाटतं. मासेमारी करणारे एक ओळखीचे आहेत, ते होडीतून सोडतील म्हणतात.

---

बुडबुडा

भिंतीपाशी अजिबात नाही. विचारसुद्धा करू नका.

मी बांधकामावर पाण्याखाली काम करणाऱ्यांबरोबर बरीच वर्षं काढली आहेत. आमच्याकडे ज्या गोष्टीला सगळे चळाचळा कापतात ती खोली नाही, शार्क नाही, ती दाबातला फरक. भिंतीच्या एका बाजूला पाणी उंच आणि दुसऱ्या बाजूला कमी, मध्ये कुठेतरी भोक: झडप, जाळी, गळती, काहीही. हिशेब करून बघा. पातळीत दहा मीटरचा फरक आणि एक फूट बाय एक फूट भोक असेल तर त्यावर झाकण म्हणून बसलेल्या माणसावर सुमारे नऊशे किलोचा भार येतो. सोबत्याने ओढून तो सुटत नाही. वरून यंत्राने ओढलं तरी माणूस धड बाहेर येत नाही.

आणि हे आधी जाणवत नाही हीच खरी गोम. भोकापासून थोडं लांब असताना पाणी शांत वाटतं. ओढ लागल्याचं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. दरवाजे कधी उघडतील, टर्बाइन कधी सुरू होईल, हे होडीवाल्याला माहीत नसतं. आमच्या कामावर पाणबुड्या आत असताना झडपांना कुलूप लावून किल्ली पाणबुड्यांच्या मुकादमाच्या खिशात असायची. तुम्हाला ती किल्ली कोण देणार?

जलाशयाचा वरचा, भिंतीपासून कित्येक किलोमीटर लांबचा फाटा, प्रशासनाची परवानगी आणि तिथे नियमित जाणारा गट, एवढं असेल तर बोलू. पिण्याच्या पाण्याचा जलाशय असेल तर बहुधा परवानगी मिळणारच नाही, आणि त्यात वावगं काही नाही.

बांध, बंधारे, पुलाखालचे नळ, कालव्यांची तोंडं, सगळ्यांना हेच लागू.

---

तळ्यातमळ्यात

बुडबुडा +१००. हा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर लावायला हवा.

---

निर्झरा

झऱ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

चुनखडीचा प्रदेश असेल तर भूगर्भाचा नकाशा उघडा, रस्त्यांचा नाही. चुनखडी पाण्यात विरघळते, त्यातून विवरं, झरे, खचलेली कुंडं तयार होतात. फ्लोरिडातले झरे असेच. जिनी स्प्रिंग्जचं पाणी वर्षभर २२ अंशांच्या आसपास, कारण ते जमिनीच्या पोटातून येतं. मेक्सिकोच्या युकातानमधली सेनोटे ही पाण्याची कुंडंसुद्धा चुनखडीचीच लेकरं. किनाऱ्याजवळच्या सेनोटेंत वर गोडं आणि खाली खारं पाणी असतं. दोन्हींच्या सीमेवर नजर धूसर होते, सगळं थरथरल्यागत दिसतं, आणि तो पट्टा ओलांडला की परत लख्ख.

पण झरा दिसला की गुहा दिसते आणि गुहा दिसली की आत डोकवावंसं वाटतं. तोंडाचा उजेड दिसतोय तोवरचा भाग वेगळा आणि त्यापुढची गुहा वेगळी. पुढे जायला वेगळं प्रशिक्षण लागतं: सलग दोरी, प्रत्येकाकडे तीन दिवे, आणि हवेचा तिसऱ्या हिश्श्याचा नियम (एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव). फ्लोरिडात गुहांच्या तोंडाशी काळदूताचं चित्र असलेल्या पाट्या लावल्या आहेत, "इथून पुढे जाण्याइतकं मोलाचं आत काही नाही" अशा अर्थाच्या. गुहेत दगावलेल्यांत अनुभवी प्रशिक्षकही आहेत. साधं ओपन वॉटरचं कार्ड असलेल्याने तिथूनच मागे फिरायचं.

---

गाळउपसा

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय, वाचनमात्र होतो.

मी मूळचा गळाने मासे पकडणारा, डायव्हिंग नंतर. डायव्हर लोक आमच्या नकाशांकडे बघत नाहीत याचं मला नवल वाटतं. अनेक तलावांचे खोलीच्या समोच्च रेषा दाखवणारे नकाशे मासेमारीसाठी काढलेले असतात. रेषा जिथे दाट तिथे तळ झपकन उतरतो, म्हणजे भिंत किंवा उतार. जिथे विरळ तिथे सपाट आणि बहुधा गाळ. नकाशा नसेल तर होडीवरचा फिशफाइंडर, तोही नसेल तर वजन बांधलेली, गाठी मारलेली दोरी. दोरी वर ओढल्यावर वजनाला काय चिकटलंय ते बघा: वाळू, खडे की काळा चिकट गाळ. तेवढ्यावरून खाली पाय हलवल्यावर काय होईल ते कळतं.

पाणी किती स्वच्छ हे मोजायची युक्ती १८६५ पासूनची आहे. सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरू-शास्त्रज्ञाने पांढरी तबकडी दोरीने खाली सोडून ती कुठे दिसेनाशी होते ते मोजलं. आता तलावांसाठी वीस सेंटिमीटर व्यासाची, चार भागांत काळी-पांढरी रंगवलेली वापरतात. घरी करता येते. भर दुपारी, होडीच्या सावलीच्या बाजूने सोडा. नाहीशी होते तो आकडा लिहा, वर ओढताना परत दिसते तो लिहा, दोन्हींची सरासरी घ्या. महिन्यातून एकदा असं वर्षभर केलंत तर तुमच्या तलावाचा हंगाम तुम्हाला कुणाला विचारावा लागणार नाही. आडवं किती दिसेल ते यावरून नेमकं सांगता येत नाही, पण "आज जाण्यात अर्थ आहे का" हे कळतं.

आमच्या जमातीमुळे एक उपद्रवही होतो, तो सांगतो. तुटलेल्या तंगुशी, म्हणजे गळाच्या दोऱ्या. पाण्यात त्या दिसतच नाहीत. आधी पायातला पंख जड वाटतो, मग वळायला गेलात की सिलिंडरच्या झडपेत दुसरा वेढा. धडपडलात की आणखी चार. थांबायचं, सोबत्याला खूण करायची आणि त्याने कापायची. सुरी पायाला बांधू नका, तिथेच तर गुंता असतो. छातीवर, दोन्ही हातांना पोचेल अशी लहान कातर किंवा लाइन कटर ठेवा.

---

कोरडाठाक

गाळउपसा, वाचनमात्र राहून तुम्ही आमचं नुकसान केलंत. तबकडी या रविवारी करतोच.

हंगामाचं जरा समजावून सांगाल का? उन्हाळ्यात पाणी उबदार म्हणून तेव्हाच जावं असं मी धरून चाललो होतो.

---

निर्झरा

मी सांगते.

उन्हाळ्यात खोल तलावात पाण्याचे थर होतात. वर उबदार, हलकं. खाली थंड, जड. मधली सीमा म्हणजे थर्मोक्लाइन. ती फार पातळ असू शकते. आडवं तरंगत असताना हात खाली सोडला तर कोपर उबेत आणि बोटं गारठलेली. वरच्या थरात ऊन असतं म्हणून शेवाळ तिथेच वाढतं, त्यामुळे बऱ्याचदा वरचे सहा-आठ मीटर हिरवे-धूसर आणि सीमा ओलांडली की खाली एकदम स्वच्छ, अंधारं आणि गार. पृष्ठभाग बघून कितीतरी जण परत फिरतात, ते या खालच्या पाण्याला मुकतात. उलटही होतं: तळाशी प्राणवायू संपलेला, कुजलेल्या अंड्याच्या वासाचा वायू विरघळलेला थर असतो. त्या ढगात शिरायचं नाही.

थंडी पडते तिथे शरद ऋतूत वरचं पाणी गार होऊन खाली बुडतं आणि सगळा तलाव घुसळला जातो. पाणी ४ अंशांना सर्वात जड असतं, म्हणून बर्फ वितळल्यावर वसंतातही एकदा घुसळण होते. त्या दिवसांत गाळ आणि पोषकद्रव्यं वर येतात, दृश्यमानता पडते. बऱ्याच ठिकाणी सगळ्यात स्वच्छ पाणी मिळतं ते हिवाळ्याच्या अखेरीस, शेवाळ वाढण्याआधी. म्हणजे पाणी सर्वात थंड असताना. आहे ते असं आहे.

पृष्ठभागावर हिरव्या रंगाचा डबा सांडावा तसा तवंग दिसला तर बेत रद्द. ती निळी-हिरवी शेवाळं असू शकतात, त्यांची विषं यकृताला आणि मज्जासंस्थेला बाधतात. जोरदार पावसानंतरही काही दिवस थांबा. आजूबाजूची घाण, जनावरांचं मूत्र सगळं वाहून तिथेच येतं आणि लेप्टोस्पायरोसिस हा विनोद नाही.

---

बुडबुडा

थंडीवरून: रेग्युलेटरवर युरोपीय मानकाचा शिक्का बघा. त्यावर "> १०°" अशी खूण असेल तर तो दहा अंशांपेक्षा थंड पाण्यासाठी नाही. सिलिंडरमधला दाब उतरताना हवा गार होते, रेग्युलेटरच्या सिलिंडरला जोडलेल्या पहिल्या टप्प्यात बर्फ धरतो, झडप उघडी अडकते आणि हवा धो-धो वाहायला लागते. गोड्या पाण्यात हे जास्त होतं, कारण ते खाऱ्याच्या आधी गोठतं. थंड पाण्यात बीसीडी फुगवत असतानाच जोरात श्वास घेऊ नका, आणि बाहेर कडाक्यात असताना पाण्यात उतरण्याआधी रेग्युलेटरमधून उगाच श्वास घेऊन तपासत बसू नका.

---

शंकेखोर

वजनांचा प्रश्न राहिलाच की. समुद्रात मला आठ किलो लागतात. तलावात किती?

(हो, मी अजून वाचतोय.)

---

दगडखाण

अरे वा, शंकेखोर पाण्यात उतरणार म्हणायचे!

समुद्राचं पाणी लिटरला साधारण १.०२५ किलो, गोडं १ किलो. तुम्ही, सूट, सिलिंडर, सगळं मिळून १०० लिटर पाणी बाजूला सारत असाल तर समुद्रात १०२.५ किलोचा आधार मिळतो, तलावात १०० किलोचा. फरक अडीच किलोचा. म्हणजे सूट आणि सिलिंडर तेच असतील तर आठाऐवजी साडेपाच. अंग आणि सामान जास्त तर फरक थोडा जास्त.

आकडा मात्र डोळे मिटून घ्यायचा नाही. सिलिंडरमध्ये ५० बार (हवेच्या दाबाचं माप) उरलेले असताना, बीसीडी रिकामा करून, नेहमीचा श्वास धरून उभे राहा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे आणि श्वास सोडल्यावर हळूच बुडायला हवं. तलावात जास्तीचं वजन समुद्रापेक्षा महागात पडतं, कारण तळाला टेकलात की गाळ उसळतो आणि पुढचा अर्धा तास कुणालाच काही दिसत नाही. म्हणून पाय खाली-वर मारू नका. गुडघे दुमडून, पंख तळापासून उंच ठेवून बेडूकपद्धतीने मारा. हे एक जमलं तर मागून येणारे दुवा देतील.

---

तळ्यातमळ्यात

एक गोष्ट सगळेच विसरतायत. समुद्रापासून लांब म्हणजे बऱ्याचदा समुद्रसपाटीपासून उंचही. साधारण ३०० मीटरच्या वर गेलं की ती उंचीवरची डाइव्ह धरतात आणि हिशेब बदलतात.

कारण सोपं आहे. उंचावर हवेचा दाब कमी. सपाटीला गोड्या पाण्यात १०.३ मीटरवर एकूण दाब दुप्पट होतो. अमेरिकेतल्या टाहो सरोवराची उंची १,८९७ मीटर. तिथे पृष्ठभागावरच दाब सपाटीच्या सुमारे ०.८ पट, म्हणून साधारण सव्वाआठ मीटरवरच दुप्पट. टिटिकाका तर ३,८१२ मीटरवर आहे. वर येताना दाबाचं गुणोत्तर जास्त, म्हणून नायट्रोजनचा त्रास (शरीरात त्याचे बुडबुडे होणं) व्हायची शक्यता जास्त. डाइव्हचा हिशेब ठेवणाऱ्या कॉम्प्युटरला उंचीची सेटिंग आहे का, ती आपोआप बदलते की हाताने, हे पुस्तिकेत बघून घ्या. आणि खालच्या तलावात डाइव्ह करून घरी जाताना वाटेत उंच डोंगररस्ता ओलांडायचा असेल तर तोही धरा. शरीराच्या दृष्टीने ते विमानात बसण्यापेक्षा फार वेगळं नाही.

जवळचा रिकंप्रेशन चेंबर (त्या त्रासावर उपचार करायची दाबाची खोली) कुठे आहे, चालू आहे का, हे फोन करून आधी विचारा. किनाऱ्यापासून लांब तो बहुधा दुसऱ्याच गावात असतो. काठावर ऑक्सिजनचा सिलिंडर आणि तो देता येणारा एक माणूस हवाच.

---

गाळउपसा

आणि जुने व्हिडिओ बघून बेत करू नका. ऑस्ट्रियातल्या ग्र्यूनर झे या तलावाचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील: बर्फ वितळल्यावर पाणी चढतं आणि बाकं, पूल, कुरण सगळं पाण्याखाली. २०१६ पासून तिथे डायव्हिंग बंद आहे. व्हिडिओ अजून फिरतायत.

---

कोरडाठाक

थोडी प्रगती. तळ्यातमळ्यात यांच्या सांगण्यावरून शाळांना फोन केले. एका शाळेने दगडाच्या खाणीचं नाव सांगितलं. मालक त्यांना महिन्यातून एकदा परवानगी देतो आणि कार्ड, लॉगबुक दाखवलं तर बाहेरच्यांनाही सोबत घेतात. तळ अठरा मीटर, उतरायला लोखंडी जिना. सध्या थर्मोक्लाइन सात मीटरवर, खाली नऊ अंश म्हणतात. माझा वेटसूट पाच मिलिमीटरचा आहे आणि रेग्युलेटरवर बुडबुडांनी सांगितलेली ती "> १०°" ची खूण आहे.

---

बुडबुडा

मग यावेळी सात मीटरच्या वरच राहा. शाळेकडे थंड पाण्याचा रेग्युलेटर आणि सात मिलिमीटरचा सूट, टोपी, हातमोजे भाड्याने मिळतात का विचारा, मिळाले तर दुसऱ्या डाइव्हला खाली जा. टोपीशिवाय नको. सूट जाड झाला की वजनही वाढेल, तेव्हा दगडखाणांची पन्नास बारची तपासणी नव्या सुटात परत करा.

---

दगडखाण

जिन्याची शेवटची पायरी पाण्याखाली किती खोल जाते ते आधी बघा. पंख पाण्यातच काढून सोबत्याच्या हातात द्यायचे की पायरीवर उभं राहून, ते त्यावर ठरतं.

---

गाळउपसा

आणि निघण्याआधी बीसीडीच्या पोटातलं पाणी तिथल्या तिथे काढून टाका, घरी नेऊन सगळं धुवा आणि पूर्ण वाळू द्या. क्वागा आणि झेब्रा शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, ती असल्याच ओलाव्यातून एका तलावातून दुसऱ्यात जातात. महासरोवरांत त्यांनी पाणी गाळून स्वच्छ केलं खरं, पण निर्झरांनी सांगितलेली तसली जहाजं आता कित्येक ठिकाणी शिंपल्यांच्या थराखाली झाकली गेली आहेत. मालकाला हे कळलं तर तो तुमच्यावर खूश होईल. पुढच्या महिन्याची परवानगी त्याच्याच हातात आहे.

---

शंकेखोर

महिन्याचा कोणता वार असतो? एक जागा असेल तर मीही येतो. साडेपाच किलो घेऊन.